गुडघा बदलण्यापूर्वी : कूर्चा वाचविणाऱ्या शस्त्रक्रिया

गुडघेदुखीच्या रुग्णास ‘सांधा झिजला आहे, तूर्त तेल लावा, पुढे बदलावा लागेल’ असे सर्रास सांगितले जाते. उतारवयातील रुग्णाबाबत ते पुष्कळदा खरेही ठरते. परंतु तिशी-चाळिशीतील रुग्णासाठी तेल आणि कृत्रिम सांधा यांच्यामध्ये शस्त्रक्रियांची एक पायरी आहे, आणि तिची वेळ टळू न देणे बव्हंशी आपल्या हाती असते. दत्तजयंतीच्या घोडेबाजारासाठी विख्यात असलेल्या सारंगखेडा परिसरात घोड्यावरून पडलेला किंवा शेतात पाय मुरगळलेला तरुण प्रथम वैद्याकडे अथवा औषधी दुकानातच येतो.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचे कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ते भरून येत नाही. मज्जातंतू नाहीत, म्हणून आरंभी दुखतही नाही. कूर्चेचा व्रण भरत नाही, हे विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदविले होते.

कूर्चेस लहान खळगा पडला असल्यास दुर्बिणीतून खालच्या हाडास सूक्ष्म छिद्रे पाडतात. यास मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात. मज्जेतील पेशींपासून नवे आवरण तयार होते, मात्र ते मूळ कूर्चेइतके टिकाऊ नसते. मोझेकप्लास्टीत कमी भार पेलणाऱ्या भागातील हाड-कूर्चेचे छोटे दंडगोल काढून खळग्यात बसवितात. मोठ्या खळग्यासाठी रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा रोपण करतात. स्वीडनमधील ब्रिटबर्ग व सहकाऱ्यांनी २३ रुग्णांवरील या पद्धतीचा अनुभव १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. हिला दोन शस्त्रक्रिया लागतात व खर्चही मोठा येतो.

पाय धनुष्याकृती वाकून केवळ आतली बाजू झिजली असेल, तर नडगीचे हाड वरच्या भागात छेदून त्याचा कोन बदलतात, त्यामुळे भार बाहेरील निरोगी बाजूवर जातो. ही ऑस्टिओटॉमी कष्टकरी, तुलनेने तरुण रुग्णास विशेष उपयुक्त ठरते. फाटलेली गादी, म्हणजे मेनिस्कस, शक्य तेथे काढून न टाकता शिवणे हेही संधिरक्षणच होय.

सर्वत्र झिजलेल्या सांध्यास मात्र या उपायांचा लाभ होत नाही. अशा गुडघ्याची दुर्बिणीतून केवळ साफसफाई करणे हे लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेहून सरस ठरत नाही, असे २००२ च्या अमेरिकी चाचणीत दिसले.

म्हणून गुडघा अडकणे, दुखापतीनंतर काही तासांतच सुजणे, चालताना दगा देणे, किंवा आतल्या बाजूच्या वेदनेसह पाय वाकत जाणे यांपैकी लक्षण असता मर्दन न करता अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. सूज, उष्णता व ज्वर एकत्र असल्यास त्याच दिवशी पाठवावे. औषधी विक्रेत्यांनी अशा तरुणास वेदनाशामक पुनःपुन्हा देऊ नये.

शस्त्रक्रियेपूर्वी गुग्गुळ, लसूण आदी चालू औषधांची पूर्ण यादी शल्यतज्ज्ञास कळवावी. नंतर काही आठवडे कुबड्या व नियमित व्यायाम अटळ असतात. जखम पूर्ण भरल्यावर, त्यांच्या संमतीनेच स्नेहन-स्वेदन आरंभावे. वजन घटविणे व मांडीचे स्नायू बळकट करणे यांत आपले मार्गदर्शन मोलाचे ठरते. संधिगत वाताची चिकित्सा आपण अवश्य करावी. परंतु जेथे कूर्चा तुटली आहे तेथे ती शल्यसाध्य आहे हे वेळीच ओळखणे, हाही आपल्या चिकित्सेचाच भाग आहे.