डेटाबेस सर्व्हरशी जोडणी

डेटाबेस सर्व्हरशी जोडणी म्हणजे वापरकर्त्याच्या संगणकावरील क्लायंट आज्ञावली आणि माहितीसाठा सांभाळणारा सर्व्हर यांच्यात संवाद प्रस्थापित करण्याची प्रक्रिया होय. संगणकशास्त्राच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमात एसक्यूएलच्या प्रात्यक्षिकांपूर्वी ही पायरी पार करावी लागते.

पार्श्वभूमी

एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानावर आजचे बहुतेक शैक्षणिक डेटाबेस आधारलेले आहेत. या विषयाच्या 'डेटाबेस सिस्टिम कॉन्सेप्ट्स' या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाच्या लेखकांपैकी एस. सुदर्शन हे मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आहेत.

आवश्यक माहिती

जोडणीसाठी सर्व्हरचा पत्ता, पोर्ट क्रमांक, डेटाबेसचे नाव, वापरकर्तानाव आणि पासवर्ड या पाच गोष्टी लागतात. प्रचलित पोर्ट क्रमांक पुढीलप्रमाणे आहेत:

* मायएसक्यूएल – ३३०६
* पोस्टग्रेएसक्यूएल – ५४३२
* ओरॅकल – १५२१
* एसक्यूएल सर्व्हर – १४३३

महाविद्यालयाबाहेरून जोडणी

बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. जिल्ह्यातील धर्मापुरीसारख्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरून मोबाइल इंटरनेटद्वारे सराव करायचा असल्यास मुख्य अडथळा पत्त्याचा असतो. प्रयोगशाळेतील सर्व्हरला सहसा १९२.१६८ किंवा १० या अंकांनी सुरू होणारा खाजगी पत्ता दिलेला असतो. असा पत्ता केवळ त्या संस्थेच्या अंतर्गत जाळ्यातच चालतो. त्यामुळे पासवर्ड अचूक असूनही बाहेरून जोडणी होत नाही. संस्थेने व्हीपीएन किंवा एसएसएच बोगद्याची सोय दिली असल्यास विद्यार्थ्याचा संगणक सुरक्षित मार्गाने अंतर्गत जाळ्याशी जोडता येतो. अशी सोय नसेल, तर मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल स्वतःच्या संगणकावर विनामूल्य बसवून 'लोकलहोस्ट' या पत्त्यावर सराव करता येतो. एकदा स्थापना झाल्यावर त्यासाठी इंटरनेटचीही गरज उरत नाही.

सामान्य अडचणी

त्रुटीसंदेशावरून अडचणीचे स्थान ओळखता येते. 'टाइमआउट' म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर न येणे. पत्ता चुकीचा किंवा खाजगी असल्यास, अथवा फायरवॉलने मार्ग अडवल्यास असे घडते. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' हा संदेश बहुधा संगणक सापडला, परंतु त्या पोर्टवर सर्व्हर चालू नाही असे सुचवतो. पासवर्ड नाकारल्याचा संदेश आल्यास जाळ्याचा मार्ग मोकळा असून दोष ओळखपत्रांत किंवा परवानगीत असतो. एकाच वेळी संपूर्ण वर्ग जोडला गेल्यास जोडण्यांची मर्यादाही ओलांडली जाऊ शकते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ती मूलतः १०० असते. म्हणून काम संपताच जोडणी बंद करणे आवश्यक ठरते.

देवनागरी मजकूर

जोडणीची वर्णसंकेतावली चुकल्यास मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली जातात आणि मूळ मजकूर परत मिळवता येत नाही. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८एमबी४' ही संकेतावली तक्ता आणि जोडणी या दोन्ही ठिकाणी निवडल्यास ही हानी टळते. आवृत्ती ८.० पासून सर्व्हरमध्ये तीच मूळ निवड आहे.

सुरक्षितता

प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र खाते व मर्यादित अधिकार देणे इष्ट मानले जाते. सर्वांनी 'रूट' हे प्रशासकीय खाते वापरल्यास एका चुकीच्या आज्ञेने संपूर्ण वर्गाचे काम पुसले जाऊ शकते. पासवर्ड आज्ञावलीच्या मजकुरात न लिहिता वेगळ्या संरचना फाइलीत ठेवावा आणि ती फाइल प्रकल्पासोबत इतरांना देऊ नये, असा संकेत आहे.