सहा दिवसांत दुनिया: ख्रिस्ती लोक नेमके काय मानतात?

मागच्या महिन्यात सातवीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, ख्रिश्चन लोकही सहा दिवसांत दुनिया बनली असंच मानतात ना? मग आपल्यात फरक काय?" पुढच्याच बाकावर एक ख्रिस्ती मुलगी बसली होती. तिच्यासमोर अर्धवट उत्तर द्यायला नको वाटले. उद्या सांगतो म्हणालो आणि घरी येऊन नीट वाचले.

बायबलचे पहिले पुस्तक ‘उत्पत्ति’. त्यात पहिल्या दिवशी प्रकाश, तिसऱ्या दिवशी जमीन आणि झाडेझुडपे, चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र-तारे, सहाव्या दिवशी जनावरे आणि शेवटी माणूस. सातव्या दिवशी देवाने विश्रांती घेतली. कुरआन शरीफमध्येही सहा दिवसांचा उल्लेख आहे, पण सूरह क़ाफमध्ये साफ सांगितले आहे की अल्लाहतआलाला थकवा शिवला नाही. यावरून आपली मुले कधीकधी ख्रिस्ती मुलांना टोमणे मारतात. ते बरे नाही. विश्रांती म्हणजे थकून बसणे नव्हे, काम पुरे करून थांबणे, असे त्यांचे धर्मगुरूही समजावतात.

हे दिवस चोवीस तासांचे का? यावर ख्रिस्ती लोकांत एकमत नाही, आणि हा वाद डार्विनपासून सुरू झाला असेही नाही. सूर्य चौथ्या दिवशी बनला तर आधीचे तीन दिवस कसले, हा प्रश्न तिसऱ्या शतकातच ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने विचारला होता. उलट १६५० मध्ये आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधल्या वंशावळी जोडून निर्मितीचे साल काढले, इसवी सनपूर्व ४००४! अमेरिकेत तर १९२५ मध्ये टेनेसी राज्यात जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवली म्हणून खटला चालला. १०० डॉलर दंड झाला. (आम्हा मास्तर लोकांना हे वाचून घाम फुटतो.) दंड पुढे तांत्रिक कारणाने रद्द झाला, कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला.

इतका आग्रह कशासाठी? मला वाटते, खरी गोष्ट दिवसांची नाहीच, आदमची आहे. संत पौल रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात सांगतात की एका आदममुळे पाप आणि मृत्यू जगात आले, आणि एका येशूमुळे सुटका झाली. आता आदम हीच नुसती कहाणी ठरली, तर येशू क्रूसावर कशासाठी गेले? ही भीती त्या आग्रहामागे आहे. कॅथलिक चर्चने मधला रस्ता धरला. १९५० मध्ये पोप पायस बारावे यांनी माणसाच्या शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधन करायला हरकत घेतली नाही, पण आत्मा थेट देवच निर्माण करतो, आणि सगळी माणसे एका आदमचीच औलाद, हे सोडले नाही.

आपल्याकडे हजरत आदम (अ.स.) यांच्याकडून चूक झाली, त्यांनी तौबा केली, ती कबूल झाली. तो गुनाह औलादीच्या माथी आला नाही. मुलाने विचारलेला फरक तो हा.

आणि चर्चमध्ये म्हटला जाणारा नायसीन श्रद्धेचा जाहीरनामा? त्यात देव आकाश आणि पृथ्वीचा निर्माता आहे एवढेच आहे. किती दिवस, किती वर्षे, याचा शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितले. ती मुलगी म्हणाली, "सर, आमची आजी सहा दिवसच मानते, पप्पा नाही मानत. रविवारी दोघं एकाच बाकावर बसतात."