गप्प बसलेला पियानो

नवीन रिकाम्या फ्लॅटमध्ये बोललं की आवाज घुमतो. सामान, गाद्या, पडदे आले की घुमायचा थांबतो. हे सगळ्यांनीच अनुभवलंय. जोसेफ बॉइस या जर्मन कलावंताने १९८५ साली लंडनच्या अँथनी डॉफे गॅलरीत याच गोष्टीची कलाकृती केली. नाव ‘प्लाइट’.

त्याने खोल्यांच्या भिंतींना फेल्टच्या जाड गुंडाळ्या उभ्या लावल्या. फेल्ट म्हणजे लोकर दाबून केलेलं कापड, आपला नमदा. आत एक ग्रँड पियानो, झाकण बंद. त्यावर फळा आणि थर्मामीटर. बस्स, एवढंच!

आता यात इंजिनीअरिंग कुठे आलं? सेबाइनचं सूत्र आठवा. आवाज विरायला लागणारा वेळ = ०.१६१ × खोलीचं आकारमान ÷ एकूण शोषण. ६ × ५ × ३ मीटरची खोली घ्या. सगळीकडे गुळगुळीत प्लास्टर (शोषणांक ०.०३) असेल तर उत्तर येतं सुमारे ३.८ सेकंद. फक्त चार भिंतींवर ०.७ शोषणांकाचं जाड फेल्ट लावलं, तर तेच ०.३ सेकंद! बोललेला शब्द तोंडातून निघतो आणि संपतो.

मग ती ऊर्जा जाते कुठे? फेल्टच्या छिद्रांतली हवा तंतूंना घासते आणि उष्णता होते. थर्मामीटर त्यासाठी ठेवला असेल का? मलाही आधी तसंच वाटलं. पण साध्या बोलण्याची पॉवर वॉटच्या एक लाखाव्या भागाइतकी असते. उलट नुसता उभा असलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. फेल्ट ती अडवून धरतं. म्हणजे पारा चढला तर तो आवाजामुळे नाही, आपल्यामुळे.

एकच वस्तू आवाज खाते आणि ऊबही देते. हात न लावताही ती भिंत कातडीला जाणवणार. पण ऊब वाढत गेली की घुसमट होते. इंग्रजीत ‘प्लाइट’चे अर्थही दोन आहेत, बिकट अवस्था आणि दिलेलं वचन. आसरा की कोठडी, हे बॉइसने सांगितलं नाही. जानेवारी १९८६ मध्ये तो वारला. कलाकृती पुढे पॅरिसच्या पाँपिदू सेंटरच्या संग्रहात गेली.

मी ती फक्त फोटोत पाहिली आहे. पण हॉस्टेलवर परीक्षेच्या आदल्या रात्री कानात कापूस घालून, डोक्यावरून रजई ओढून बसलो, की पहिली पाच मिनिटं फार बरं वाटतं. नंतर कोणीतरी दार ठोठवावं असं वाटायला लागतं. तो पियानो तर १९८५ पासून वाट बघतोय.