इंजिन बिघडले की सेन्सर?

विद्यार्थी मित्रांनो, पूर्वी गाडीचा पिकअप कमी झाला की मिस्त्री कार्बोरेटर उघडून साफ करीत. आता पेट्रोल किती सोडायचे, हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. सेन्सर जे सांगतील तेच तो खरे मानतो. त्यामुळे सेन्सर चुकला की धडधाकट इंजिनही आजारी वाटते.

कूलंटच्या तापमानाचा सेन्सर घ्या. त्यात थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध कमी होतो. इंजिन थंड आहे असे कळले की ईसीयू पेट्रोल जास्त सोडतो. वायर तुटली तर रोध प्रचंड वाढल्यासारखा भासतो आणि बहुतेक गाड्यांत स्कॅनर उणे ४० अंश दाखवतो. आपल्या आदिलाबादची थंडी कडक खरी, पण इतकी नक्कीच नाही! ही चूक ईसीयू ओळखतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लावतो.

खरी पंचाईत होते ती सेन्सर थोडेसेच खोटे बोलतो तेव्हा. इंजिन तापूनही तो कमी तापमान सांगतो. दिवा लागत नाही, पण ॲव्हरेज घटते, काळा धूर येतो. याची परीक्षा सोपी आहे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, स्कॅनर लावावा. कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे.

पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्कॅनरचा कोड तक्रार सांगतो, गुन्हेगार नव्हे. 'पी ०१७१' म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ बसली असेल, रबरी पाइप फाटला असेल किंवा पेट्रोल पंप कमजोर झाला असेल. म्हणून आधी बॅटरी, कनेक्टर, पाइप आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी पाहाव्यात. मग इंजिन चालू असतानाचे आकडे स्कॅनरवर तपासावेत, मल्टिमीटरने रोध मोजावा आणि शेवटी सुटा भाग बदलावा. "कोड कोणता आला?" एवढेच न विचारता "तपासले कसे?" हेही मिस्त्रींना विचारा. हजारो रुपये वाचू शकतात.

मात्र नागपूर-हैदराबाद रस्त्यावर हा दिवा लुकलुकू लागला, तर वेग कमी करून सुरक्षित जागी थांबा. इंजिन मिसफायर होत असते. न जळालेले पेट्रोल सायलेन्सरच्या नळीतील महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकते.

मुलांनो, विद्युतरोधाचा धडा नीट शिका. गॅरेजमध्ये तोच उपयोगी पडतो.