पाणवठा, सुईण आणि आरोग्य : जामखेडच्या प्रयोगाचा अर्थ

आरोग्य हा डॉक्टरचा आणि औषधाचा विषय आहे, असे आपल्याकडे समजले जाते. चळवळीतील आपणही हा विषय सरकारी दवाखान्यावर सोपवून मोकळे होतो. परंतु ज्या गावात कोणी कोठे पाणी भरायचे हे जात ठरवते, त्या गावात हगवणीने कोणाचे मूल दगावणार हेही बऱ्याच अंशी जातच ठरवीत असते. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी मांडलेला प्रश्न माणुसकीच्या हक्काचा होता. त्या हक्काच्या पोटातच जगण्यामरण्याचा प्रश्नही होता. जामखेडचा आरोग्य प्रकल्प या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. प्रथम त्यांनी प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या. त्या तेथे रुजल्या नाहीत. मग गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी आणि तिला शिकवावे, असा मार्ग निघाला. निवडलेल्या बायांपैकी बऱ्याच निरक्षर होत्या आणि त्यांत दलित बायाही होत्या. गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, क्षयरोग आणि कुष्ठरोग यांची लक्षणे ओळखणे, हे सारे त्या शिकल्या.

या घटनेचे महत्त्व समजण्यासाठी जुन्या गावगाड्यातील सुईण आठवावी लागेल. माझी आजी सुईणपण करीत असे. बाळंतपण हा विटाळ मानला जाई. म्हणून नाळ कापण्याचे काम अनेक गावांत महार-मांगांच्या बायांच्या वाट्याला आले. ज्या हातांनी मूल जगात आणले, त्या हातांचा स्पर्श काम संपताच पुन्हा निषिद्ध ठरे. जुने लुगडे आणि पसाभर धान्य पदरात घेऊन ती मागच्या दाराने परत जाई. तिच्याजवळ अनुभव होता, पण त्याला ज्ञान म्हणण्याची कोणाची तयारी नव्हती. जामखेडच्या परिसरात दलित बाई आरोग्यसेविका म्हणून सवर्णाच्या घरात गेली, ती विटाळ उचलण्यासाठी नव्हे, तर सल्ला देण्यासाठी. हा फरक केवळ वैद्यकीय नाही.

प्रशिक्षणाच्या निमित्ताने निरनिराळ्या जातींच्या बाया जामखेडला एकत्र राहत आणि एकत्र जेवत. १९७२ च्या दुष्काळात हातपंप बसवताना आरोळे यांनी पंपाची जागा दलित वस्तीत यावी अशी योजना केली. पाणी हवे असेल तर आता गावाला तेथे यावे लागणार होते. शतकानुशतके जी वाट एकाच दिशेने तुडवली गेली, तिची दिशा उलटली. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ च्या सुमारास हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भके मरत होती. नव्वदच्या दशकापर्यंत हे प्रमाण तिसांच्या खाली आले. हा बदल मोठ्या यंत्रांनी घडवला नाही. पाणी, अन्न, लसीकरण आणि घरापर्यंत पोहोचणारी विश्वासाची बाई यांनी तो घडवला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढे २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून शासनाने ‘आशा’ नेमल्या. हजार वस्तीमागे एक स्थानिक बाई, हा सांगाडा जामखेडसारख्या प्रयोगांशी मिळताजुळता आहे. पण आशयाचे काय? आरंभीच आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अट आली. योग्य उमेदवार न मिळाल्यास ती शिथिल करता येत होती, हे खरे. तरी जामखेडच्या त्या निरक्षर बाया या कसोटीवर मागेच पडल्या असत्या. शिवाय आशेला कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हटले गेले आणि वेतनाऐवजी कामागणिक मोबदला ठरला. करोनाच्या साथीत घरोघर फिरलेल्या महाराष्ट्रातील आशांना २०२१ आणि २०२३ साली संपावर जावे लागले. सन्मान भाषणात आणि राबणूक गावात, ही सुईणीची जुनीच कहाणी नव्या नावाने पुढे चालू राहू नये.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. आईच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे, म्हणून तिचा भार शासनानेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. त्या भूमिकेतून पाहिले तर जामखेडच्या प्रयोगाची मर्यादाही दिसते. हातपंपाची जागा बदलली म्हणजे जमिनीची मालकी बदलली असे होत नाही. संस्थेची सदिच्छा कितीही निर्मळ असली तरी ती हक्काची जागा घेऊ शकत नाही. संस्था जेथे नाही, तेथील माणसांनी कोणाकडे पाहावे?

म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या गावात साधे प्रश्न विचारावेत. पाण्याचा नळ प्रथम कोणत्या वस्तीत येतो आणि कोठे संपतो? आशाताई दलित वस्तीत किती वेळा जाते? आणि ती स्वतः दलित असेल, तर तिला उंबऱ्याच्या आत बसायला सांगतात की बाहेर? या प्रश्नांची उत्तरे म्हणजेच त्या गावाच्या आरोग्याचा अहवाल होय.