गोदावरी समुद्राला मिळाल्यावर

परभणीपासून समुद्र लांब, तेव्हा आपला त्याच्याशी संबंध काय, हा पहिला गैरसमज. गंगाखेडला जिला सगळे गंगाच म्हणतात ती गोदावरी, येलदरीकडून आलेल्या पूर्णेला सोबत घेऊन, आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. धरणांतून सुटलेलं पुराचं पाणी तिथवर जातं.

दुसरा समज जास्त मुरलेला: जिथं नद्या जास्त, तिथं मासळी जास्त. मुखापाशी हे खरंच आहे. काकीनाड्याजवळ कोरिंगाच्या खारफुटीत कोळंबी आणि माशांची पिल्लं पोसली जातात. खोल समुद्रात मात्र गणित उलटतं. मासळीचं मूळ अन्न असलेले वनस्पती-प्लवक, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म वनस्पती, वाढतात ते उन्हाच्या थरात, फार तर २०० मीटरपर्यंत. त्यांना लागणारं नत्र-स्फुरद साठलेलं असतं खालच्या काळोखात. ते ढवळून वर यायला हवं. गंगा-ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी यांचं गोडं पाणी हलकं, म्हणून दुधावरच्या सायीसारखं वरच राहतं आणि खालच्या पाण्याची वाट अडवतं. अरबी समुद्रात ही अडचण कमी. नैऋत्य मोसमी वारे सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यालगत खालचं पाणी वर खेचतात, म्हणून तोच अधिक सुपीक. बंगालच्या उपसागरातली ही साय चक्रीवादळ फोडतं आणि मागं प्लवकांचा बहर सोडून जातं. वादळाची ही बाजू बातम्यांत कधी येत नाही.

२०० मीटरखाली सगळं निर्जीव, असंही पुष्कळांना वाटतं. एडवर्ड फोर्ब्ससारख्या निसर्गशास्त्रज्ञानं १८४० च्या दशकात साधारण ५५० मीटरखाली जीवन नसावं, असं मांडलं होतं. १८७२ ते १८७६ मधल्या ‘चॅलेंजर’ मोहिमेनं ५,००० मीटरहून खोल तळातून प्राणी वर काढले. २०० ते १,००० मीटरच्या अंधूक पट्ट्यात अंगावर उजेडाचे ठिपके असलेले छोटे मासे दिवसा दडतात, रात्री चरायला वर येतात. तिथल्या काही भागात प्राणवायू जवळपास नसतो, तरी ते तगतात.

त्याहून खाली अन्न पिकत नाही, वरून मेलेले प्लवक आणि विष्ठा झिरपत येते. (समुद्रतळाचे उष्ण झरे अपवाद; तिथले जिवाणू सूर्याविना अन्न बनवतात, हे १९७७ साली गॅलापागोसजवळ कळलं.) नद्यांचा गाळ इथं कामी येतो. त्याचे कण या उष्ट्याला चिकटून ते जड करतात, त्यामुळं बंगालच्या उपसागरात ते वाटेत कुजण्याआधीच भराभर तळाला पोचतं.