दगडात साठवलेली ऊब

पौष लागला की ग्वाल्हेरची थंडी हाडांत शिरते. मग रात्री शेगडी पेटवून खोलीत आणायची, दारे-खिडक्या लावून घ्यायच्या आणि पांघरूण डोक्यावर ओढायचे, हा आपल्या घरांतला जुना रिवाज. शेगडीपाशी बसणाराचे हात पोळतात, पाठ मात्र गारच राहते. आणि निखारे विझले की पहाटे खोली पुन्हा थंडगार. पेटवलेल्या आगीची ऊब धरून कशी ठेवावी, हा प्रश्न उत्तर युरोपातील लोकांनी मोठ्या युक्तीने सोडवला आहे.

अठराव्या शतकात स्वीडनमध्ये सरपणाची चणचण भासू लागली. भिंतीतल्या उघड्या चुलाण्याची बहुतेक उष्णता धुराबरोबर सरळ आकाशात जाई. तेव्हा १७६७ मध्ये कार्ल युहान क्रोनस्टेट आणि फाबियान व्रेडे ह्या दोघांनी नवी रचना सिद्ध केली. धूर एकदम वर न सोडता त्यांनी तो विटांच्या बोळांतून वर-खाली फिरवला. बाहेर पडेपर्यंत धूर आपली उष्णता विटांच्या स्वाधीन करी. थोड्या लाकडात घर तापू लागले.

फिनलंडमध्ये ह्याच कामी एक नरम दगड वापरतात. तो मुख्यत्वे त्या देशाच्या पूर्वेकडील युका गावाच्या परिसरात निघतो. त्याची जात आपल्याला परकी नाही. ज्याची पूड शंखजिरे म्हणून विकली जाते, तो हाच. आणि बेलूर-हळेबीडची होयसळ मंदिरे ज्यात कोरली, तो दगडही ह्याचाच भाऊबंद. तो जड असतो, तापला तरी सहसा तडकत नाही, आणि उष्णता चटकन आत घेतो.

थोडा हिशेब करून पाहू. दोन टन दगड सरासरी ६० अंशांनी तापला, तर त्यात विजेच्या मापाने सुमारे ३३ युनिट उष्णता साठते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण ४ युनिट असतात. म्हणजे दहा किलो लाकूड तास-दोन तास जळले की काम झाले! पुढे रात्रभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, तो दगड सावकाश ऊब देत राहतो. तंबोऱ्याची तार छेडायला क्षण पुरतो, पण भोपळा चांगला असेल तर तिची आस किती वेळ रेंगाळते! तसेच हे आहे.

मात्र ह्या विद्येचेही नियम आहेत. लाकूड कोरडे हवे आणि आग भरपूर हवेवर धडाडून पेटली पाहिजे. धुमसत ठेवलेली आग काजळी आणि विषारी वायू निर्माण करते. दुसरा नियम प्राणाशी गाठ घालणारा आहे. ऊब निसटू नये म्हणून धुराड्याची झडप शेवटी बंद करतात. पण निखारे पूर्ण विझल्यावाचून ती लावायची नाही. धगधगत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. घाईने झडप लावल्यामुळे रशियात कित्येक कुटुंबे झोपेतच दगावली.

आता आपली शेगडी आठवावी. तिला तर धुराडेच नाही! धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे समजून आपण ती बंद खोलीत ठेवतो, आणि दर हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानातून त्यापायी झालेल्या मृत्यूंच्या बातम्या येतात.

दोन महिन्यांच्या थंडीसाठी कोणी माजघरात दोन टन दगड रचावा, असे मी म्हणत नाही. पण त्या दगडाचे तत्त्व आपल्या आज्यांनाही ठाऊक होते. शेगडीवर वीट तापवून, ती हाताला सोसेल इतपत निवू देऊन, जाड फडक्यात गुंडाळून त्या अंथरुणात पायांशी ठेवत. आग अंगणात राहावी आणि ऊब तेवढी घरात यावी, हेच खरे शहाणपण. ह्या थंडीत शेगडी बाहेरच पेटवा, आणि आत वीट न्या.